टॉल्किनची कॅथलिक श्रद्धा आणि मिडल-अर्थची कथा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न वाचकांनी पुन्हा पुन्हा पाठवलेले आहेत आणि त्यांचे शब्द शक्य तितके तसेच ठेवले आहेत. आधी सोपे प्रश्न आहेत, मग अडचणीचे. एकाच गोष्टीची पुनरुक्ती टाळण्यासाठी जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या मिडल-अर्थ नावाच्या कल्पित जगातल्या कादंबरीचा शेवट इथे उघड होतो, तेव्हा ज्यांचं वाचन व्हायचं आहे त्यांनी आधी पुस्तक वाचावं.

१. टॉल्किन जन्मानं कॅथलिक होता का?

नाही. १८९२ साली ब्लूमफाँटेन इथे एका इंग्लिश प्रोटेस्टंट कुटुंबात तो जन्मला. वडील १८९६ मध्ये वारले. १९०० साली त्याच्या आईनं, मेबलनं, कॅथलिक पंथ स्वीकारला आणि नातेवाइकांनी तिची पैशांची मदत बंद केली. १९०४ मध्ये मधुमेहानं ती गेली. तेव्हा तिचं वय ३४ होतं आणि टॉल्किनचं १२. मुलांचं पालकत्व तिनं बर्मिंगहॅम ऑरेटरीतल्या फादर फ्रान्सिस मॉर्गन यांच्याकडे सोपवलं होतं. ही संस्था कार्डिनल न्यूमन यांनी स्थापन केलेली.

आईनं श्रद्धेसाठी जीव दिला, ती हुतात्माच होती, असं टॉल्किन आयुष्यभर मानत आला. मला हा त्याच्या चरित्रातला सर्वांत महत्त्वाचा धागा वाटतो. श्रद्धेची किंमत मोजणारं माणूस त्यानं वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत रोज पाहिलं होतं. म्हणूनच त्याच्या कथांमध्ये कुणालाही चांगुलपणा फुकट मिळत नाही.

तो सतत एकाच ताकदीचा श्रद्धावान होता असंही नाही. १९२० च्या दशकात धर्माचरण आपल्या हातून जवळजवळ सुटलं होतं, हे त्यानं पुढे १९६३ मध्ये मुलाला पत्रातून सांगितलं. त्याच पत्रात त्यानं डळमळणाऱ्या श्रद्धेवर उपाय म्हणून कम्युनियनचा, म्हणजे मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) मिळणाऱ्या पवित्र भाकरीचा, आग्रह धरला आहे, आणि तोही वारंवार घेण्याचा. त्याचा थोरला मुलगा जॉन पुढे धर्मगुरू झाला.

२. पुस्तकात ना देव, ना चर्च, ना मिस्सा. मग ते कॅथलिक कसं?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. २ डिसेंबर १९५३ रोजी, म्हणजे पहिला खंड छापून येण्याआधी, टॉल्किननं रॉबर्ट मरे या जेजुइट (एका कॅथलिक धर्मसंघातल्या) मित्राला पत्र लिहिलं. हे पुस्तक मुळातच धार्मिक आणि कॅथलिक आहे, असं तो त्यात म्हणतो. सुरुवातीला ते नकळत तसं झालं आणि पुनर्लेखन करताना जाणूनबुजून. आणि म्हणूनच, तो पुढे लिहितो, धर्म, पूजा, विधी यांचे जवळपास सगळे उल्लेख मी गाळले, कारण धर्माचा अंश कथेतच मुरलेला आहे.

पुस्तक कॅथलिक आहे म्हणून धर्म गाळला, हा तर्क पहिल्यांदा ऐकताना उलटा वाटतो. तो समजायला १९५१ मध्ये त्यानं एका प्रकाशकाला लिहिलेलं लांबलचक पत्र उपयोगी पडतं. राजा आर्थरच्या कथा त्याला मिथक म्हणून अपुऱ्या वाटत, आणि त्याचं एक कारण असं की त्यांत ख्रिस्ती धर्म उघडपणे हजर आहे. मिथकात नैतिक आणि धार्मिक सत्य असावं, पण ते विरघळलेल्या रूपात असावं. आपल्या जगातल्या ओळखीच्या रूपात ते आलं की कथा बिघडते, असं त्याचं मत होतं.

मला ते पटतं. कथेतल्या पात्रांना चर्च दिलं की त्या चर्चबद्दल वाचकाचं जे मत असेल ते पात्राच्या आणि वाचकाच्या मध्ये येऊन उभं राहतं. त्याऐवजी कोण कुणाला जीवदान देतं, माणसाची ताकद संपते तेव्हा काय घडतं, हाती सत्ता आली की तो काय करतो, हे पाहायला लागलं की श्रद्धा दिसायला लागते. त्याचं सर्वांत मोठं उदाहरण प्रश्न ९ मध्ये आहे.

विधी म्हणावा असा एक प्रसंग मात्र राहिला आहे. फारामिर आणि त्याची माणसं जेवायला बसण्याआधी पश्चिमेकडे तोंड करून क्षणभर स्तब्ध उभी राहतात. बुडालेल्या न्यूमेनोर बेटाकडे, त्यापलीकडच्या एल्फांच्या भूमीकडे आणि त्याच्याही पलीकडे जे आहे आणि सदैव असेल त्याच्याकडे पाहतो, असं फारामिर सांगतो. फ्रोडोला आपल्याकडे असं काही नाही याचा संकोच वाटतो. संबंध पुस्तकात मला हा उतारा फार प्रिय आहे.

३. मला तर सगळं उत्तर युरोपातल्या जुन्या पुराणकथांसारखं वाटतं. त्यात ख्रिस्ती काय?

तुम्हाला वाटतं ते बरोबरच आहे. ड्रॅगन, बुटके, शापित अंगठी, तुटलेली तलवार हे सगळं तिकडूनच आलेलं आहे. दोन्ही गोष्टी एकत्र कशा नांदतात याचं उत्तर टॉल्किनच्या प्राध्यापकीत सापडतं.

१९३६ साली त्यानं ब्रिटिश अकादमीत ‘बेओवुल्फ’वर व्याख्यान दिलं. तोवरचे बरेच अभ्यासक त्या जुन्या इंग्लिश काव्याकडे इतिहासाचा कच्चा माल म्हणून पाहत आणि राक्षसांना पोरकट समजत. टॉल्किननं वेगळंच मांडलं. हा कवी ख्रिस्ती आहे, पण ख्रिस्तापूर्वीच्या आपल्या पूर्वजांकडे मागे वळून पाहतो आहे. त्यांचं धैर्य त्याला थोर वाटतं, आणि आशेचा आधार नसताना ते लढले याची त्याला व्यथा आहे. त्या काव्यात देवाचं नाव अनेकदा येतं, ख्रिस्ताचं एकदाही येत नाही.

आता हेच वर्णन टॉल्किनला लावून पाहा. मिडल-अर्थ हा दुसरा ग्रह नाही, ही आपलीच पृथ्वी आहे, कल्पित अशा फार प्राचीन काळातली. तिथल्या माणसांना एकच देव आहे एवढी अंधूक जाण आहे, पण कुठलाही प्रेषित, कुठलाही ग्रंथ अजून आलेला नाही. तिथे चर्च दाखवणं ही काळाची चूक ठरली असती.

या जगात देवळं अगदीच नाहीत असंही नाही. न्यूमेनोर बेटावर मेनेलटार्मा नावाचा पवित्र डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर छप्पर नाही, वेदी नाही, आणि तिथे वर्षातून तीनदा फक्त राजा बोलतो. पुढे त्याच बेटावर एक प्रचंड देऊळ उभं राहतं, पाचशे फूट उंचीचं, चांदीच्या घुमटाचं. ते सॉरॉननं बांधवून घेतलेलं असतं आणि तिथे मॉर्गॉथच्या, म्हणजे सॉरॉनच्या जुन्या स्वामीच्या, नावानं माणसं बळी दिली जातात. मिडल-अर्थच्या इतिहासातली सर्वांत भव्य धार्मिक वास्तू ही अशी आहे. रोज मिस्सेला जाणाऱ्या लेखकानं हे लिहिलं आहे, ते विसरू नये. धर्माचं सोंग घेतलेली सत्ता कशी दिसते हे त्यानं फार स्पष्ट पाहिलं होतं.

४. म्हणजे ही रूपककथा आहे का?

नाही. रूपककथा आपल्याला मनापासून नावडते, असं त्यानं दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहिलं आहे. वाचकाला कथा स्वतःच्या अनुभवाला लावून पाहता यावी, हे त्याला हवं होतं. रूपकात लेखक वाचकावर सत्ता गाजवतो, इथे वाचक मोकळा राहतो. अंगठी म्हणजे अणुबॉम्ब का, याचंही उत्तर त्यातच आलं.

५. मग यात ख्रिस्त कोण? गँडाल्फ मरून परत येतो, अॅरागॉर्न राजा म्हणून परततो, फ्रोडो ओझं वाहतो...

तिघांमध्येही काहीतरी आहे आणि तिघांपैकी कुणीही ख्रिस्त नाही. ख्रिस्ताला संदेष्टा, याजक आणि राजा अशी तीन पदं देण्याची ख्रिस्ती परंपरा जुनी आहे. गँडाल्फ, फ्रोडो आणि अॅरागॉर्न यांच्यात ती विभागून दिसतात, असं बऱ्याच समीक्षकांनी लिहिलं आहे. वाचायला ते छान वाटतं, पण तक्ता फार ताणू नका. गँडाल्फ हा देहधारी देवदूत आहे, असं टॉल्किननं १९५४ च्या पत्रात स्वतः म्हटलं आहे. तो मरतो आणि त्याला परत पाठवलं जातं. स्वतःच्या बळावर तो उठत नाही, आणि त्याच्या मरणानं जगाचं तारण होत नाही. फ्रोडोचं वेगळेपण प्रश्न ९ मध्ये पाहू.

ज्या कथेतला काळ ख्रिस्तापूर्वीचा आहे (प्रश्न ३), तिथे ख्रिस्ताची जागा रिकामी असणंच योग्य आहे, असं मला वाटतं.

६. लेंबास म्हणजे कम्युनियनची भाकर का?

इथे साम्य खरोखर आहे, आणि ते टॉल्किनलाही ठाऊक होतं. मरणाच्या वाटेवरच्या माणसाला देतात त्या अखेरच्या कम्युनियनशी एका समीक्षकानं लेंबासची तुलना केली होती. १९५८ च्या एका पत्रात त्यानं ही गोष्ट नोंदवली, झटकून टाकली नाही. आपण ख्रिस्ती आहोत हे आपल्या कथांवरून ओळखता येईल, कॅथलिक आहोत हे कदाचित येणार नाही, असंही त्याच पत्रात आहे.

पुस्तकातलं वर्णन पाहा. लेंबासनं पोट भरल्याचं समाधान मिळत नाही. दुसरं अन्न सोडून फक्त त्याच्यावरच विसंबलं की त्याचं बळ वाढतं, आणि ते इच्छाशक्तीला पोसतं. मॉर्डोरच्या उतारावर सॅम आणि फ्रोडो त्याच्याच आधारानं पाय उचलतात. गॉलमला मात्र ते खाववत नाही, तोंडात जाताच तो खोकून थुंकतो. कॅथलिक वाचकाला इथे काय आठवेल ते सांगायला नको. तरी कथेत ते एल्फांनी भाजलेलं प्रवासाचं अन्नच आहे, आणि ते तसं वाचलं तरी प्रसंगाचं काहीही कमी होत नाही.

७. गॅलाड्रिएल म्हणजे मारिया माता?

अर्धं हो. सौंदर्याची आपली सगळी समज, तिच्यातली भव्यता आणि साधेपणा दोन्ही, मारियेवर उभी आहे, असं त्यानं मरेला लिहिलेल्या पत्रात (प्रश्न २) म्हटलं होतं. १९७१ मध्ये एका वाचकाला उत्तर देताना त्यानं कबूल केलं की गॅलाड्रिएलच्या व्यक्तिरेखेत मारियेविषयीच्या कॅथलिक शिकवणीचा मोठा वाटा आहे. पण लगेच जोडलं की गॅलाड्रिएल पश्चात्ताप करणारी आहे. तरुणपणी ती वालारांविरुद्धच्या, म्हणजे देवाच्या वतीनं जगाचा कारभार पाहणाऱ्या शक्तींविरुद्धच्या, बंडात पुढे होती.

म्हणून फ्रोडो तिच्यापुढे अंगठी धरतो तो प्रसंग इतका थरारक होतो. तिला मोह होतो, तो ती बोलून दाखवते, आणि मग नाकारते. निष्पाप मारियेच्या बाबतीत हा प्रसंग लिहिताच आला नसता. आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत टॉल्किन तिचा पूर्वेतिहास बदलून तिला निष्कलंक करायला निघाला होता. ते काम पुरं झालं नाही. माझ्या मते ते बरंच झालं, पश्चात्तापी गॅलाड्रिएल अधिक खरी वाटते.

८. २५ डिसेंबर आणि २५ मार्च या तारखा योगायोगानं आल्यात का?

नाही, मुद्दाम आल्या आहेत. परिशिष्टातल्या कालपटानुसार मंडळी रिव्हेंडेलहून २५ डिसेंबरला निघते आणि अंगठी २५ मार्चला नष्ट होते. दोन्ही तारखा जाणूनबुजून निवडल्याचं त्यानं अनुवादकांसाठी केलेल्या टिपणांत लिहिलं आहे. २५ मार्च हा देवदूतानं मारियेला येशूच्या जन्माचा निरोप दिल्याचा सण. जुन्या परंपरेत येशूला क्रुसावर दिलं तो दिवसही हाच मानत. इंग्लंडमध्ये १७५२ च्या सुधारणेपर्यंत कायदेशीर वर्ष याच तारखेला सुरू होई, आणि गाँडॉरमध्येही अंगठीच्या नाशानंतर नवं वर्ष २५ मार्चपासून धरू लागतात. कथेत कुणीही या तारखांवर भाष्य करत नाही. ज्याला दिसतं त्याला दिसतं.

९. शेवटच्या क्षणी फ्रोडो हरतो. नायकालाच हरवण्यात कसला धर्म?

माझ्या दृष्टीनं टॉल्किनची श्रद्धा सर्वांत जास्त इथे आहे, म्हणून या उत्तराला थोडी जागा लागेल.

फ्रोडो अग्निकुंडाच्या काठावर पोचतो आणि सांगतो की ज्यासाठी आलो ते मी करणार नाही, अंगठी माझी आहे. गॉलम झडप घालतो, बोटासकट अंगठी तोडून घेतो, आनंदानं नाचतो आणि तोल जाऊन आगीत पडतो. पुस्तक आल्यावर एका वाचकानं संतापून लिहिलं होतं की फ्रोडोचा गौरव कसला करता, देशद्रोही म्हणून त्याला मृत्युदंडच द्यायला हवा होता. टॉल्किननं या प्रश्नाचं उत्तर १९५६ पासून पुढे अनेक पत्रांत दिलं आणि ते बदललं नाही. फ्रोडोनं शरीराची आणि मनाची शक्ती थेंबाथेंबानं संपवली. ती त्याला त्या काठापर्यंत न्यायला जेमतेम पुरली. त्यापुढे जाणं कुठल्याही मर्त्याला जमलं नसतं, म्हणून याला नैतिक अपयश म्हणता येत नाही. तिथून पुढे ‘दुसऱ्या शक्ती’नं सूत्रं हाती घेतली, असं तो लिहितो. कथेचा खरा लेखक तो, आणि तो मी नव्हे, असंही सांगतो.

त्या शक्तीनं काम कशातून केलं ते पाहा. गॉलम तिथे जिवंत कसा? बिल्बोच्या हातात तलवार होती, तो अदृश्य होता, समोर निःशस्त्र गॉलम होता, आणि त्याला दया आली. फ्रोडो सुरुवातीला म्हणतो की बिल्बोनं त्याला मारलं असतं तर बरं झालं असतं. गँडाल्फ त्याला सांगतो की त्या दयेवर कदाचित अनेकांचं भवितव्य ठरेल. पुढे एमिन मुइलच्या कड्यांपाशी फ्रोडो स्वतः गॉलमला सोडतो. इथिलियनमधल्या निषिद्ध तळ्यापाशी त्याच्या जिवासाठी रदबदली करतो. शेवटी डोंगराच्या उतारावर सॅमसुद्धा उगारलेली तलवार खाली घेतो, आणि सॅमला तर गॉलमची मनापासून चीड आहे. यातला एक जरी दुवा तुटला असता तरी अंगठी वाचली असती आणि जग बुडालं असतं.

यातल्या कुणीही हिशेब करून दया दाखवली नव्हती. उलट शहाणपणाचा सल्ला प्रत्येक वेळी ‘मारून टाक’ असाच होता. मनुष्य आपल्या बळावर स्वतःला तारू शकत नाही, तरी त्यानं केलेलं चांगलं काम वाया जात नाही, कृपा ते हाती घेते आणि पुरं करते, ही कॅथलिक शिकवण आहे. टॉल्किननं तिच्यावर प्रवचन दिलं नाही, तीन लोकांच्या चार निर्णयांतून तिचं कथानक केलं. या संदर्भात प्रभूच्या प्रार्थनेतल्या शेवटच्या मागण्यांकडे, मोहात पडू देऊ नकोस आणि वाइटापासून सोडव, त्यानं स्वतःच बोट दाखवलं आहे.

काही वाचक लिहितात की गॉलमचं पडणं फ्रोडोच्या शापामुळे घडलं. पुन्हा मला हात लावलास तर आगीत फेकला जाशील, असं तो त्याच डोंगरावर म्हणतो खरं. ते वाचनही मजकुरात बसतं. पण शाप फळायला गॉलम जिवंत असावा लागतो, आणि तो जिवंत आहे दयेमुळे.

१०. बिल्बोला अंगठी ‘मिळायचीच होती’ असं गँडाल्फ म्हणतो. मग हे सगळं आधीच ठरलेलं होतं का? पात्रांना स्वातंत्र्य कुठे उरलं?

गँडाल्फचं वाक्य अर्धंच उद्धृत होतं. बिल्बोला अंगठी मिळावी अशी कुणाची तरी इच्छा होती, आणि ती अंगठी बनवणाऱ्याची नव्हती, असं तो म्हणतो. यात संधी दिली गेली एवढंच आहे. बिल्बोनं पुढे काय करावं हे ठरलेलं नव्हतं, फ्रोडोनं ‘मी अंगठी नेईन’ म्हणावं हेही नाही. एल्रॉन्डच्या सभेत कुणीही त्याच्यावर सक्ती करत नाही. ईश्वरी योजना आणि माणसाची मोकळी निवड एकमेकांना खोडत नाहीत, असं कॅथलिक धर्मशास्त्र मानतं. सिद्धांत म्हणून ते पचायला जड आहे, पण कथेत मात्र ते सहज घडताना दिसतं.

११. विजय होऊनही शेवट इतका उदास का?

फ्रोडोच्या जखमा भरत नाहीत, एल्फ निघून जातात, शायरची नासधूस झालेली असते. १९५६ च्या एका पत्रात टॉल्किननं याचं सरळ कारण दिलं आहे. मी ख्रिस्ती आणि कॅथलिक आहे, त्यामुळे इतिहास म्हणजे एक दीर्घ पराभव असेल हीच माझी अपेक्षा, त्यात अंतिम विजयाची एखादी झलक तेवढी दिसते, असं तो लिहितो. ‘दीर्घ पराभव’ हे शब्द पुस्तकात गॅलाड्रिएलच्या तोंडी आहेत.

त्या झलकेला त्यानं स्वतः नाव घडवलं, यूकॅटॅस्ट्रॉफी. सगळं संपलं असं वाटत असताना कथा एकदम सुखाकडे वळते, आणि त्या वळणानं डोळ्यांत पाणी येतं. १९३९ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर दिलेल्या व्याख्यानातून हा विचार वाढला आणि १९४७ मध्ये निबंध म्हणून छापला गेला. ख्रिस्ताचा जन्म हे मानवी इतिहासातलं असं वळण आणि पुनरुत्थान हे ख्रिस्ताच्या कथेतलं, असं तो निबंधाच्या शेवटी म्हणतो. म्हणजे चांगली परीकथा ज्या आनंदाची हूल देते तो आनंद एकदा खरोखर घडून गेला आहे, ही त्याची श्रद्धा होती. हे न मानणाऱ्या वाचकालाही गरुड येतात तेव्हा काय वाटतं ते माहीत आहे.

१२. जादूटोणा चर्चला वर्ज्य आहे. मग जादूगार आणि जादूचं जग लिहिताना त्याला अडचण वाटली नाही?

दुसऱ्यावर ताबा मिळवण्याची जादू आणि सौंदर्य निर्माण करणारी कला यांत तो फरक करतो. सॉरॉनची जादू पहिल्या प्रकारची, म्हणून ती यंत्राच्या जवळ जाते. एल्फांची दुसऱ्या प्रकारची.

पण खरी अडचण याहून खोल होती. देवानं जग निर्माण केलं असताना माणसानं दुसरं जग रचावं का? याचं उत्तर म्हणून त्यानं उपनिर्मितीची कल्पना मांडली. माणूस निर्मात्याच्या प्रतिमेप्रमाणे घडलेला आहे, म्हणून तोही घडवतो.

ही कल्पना त्यानं कथेत घातली ती ‘द सिल्मरिलियन’मध्ये (१९७७). आउले हा वालारांपैकी कारागीर. इल्युवतारची, म्हणजे त्या जगातल्या एकमेव देवाची, मुलं (एल्फ आणि माणसं) जागी होईपर्यंत त्याला धीर धरवत नाही, म्हणून चोरून बुटक्यांचे सात पूर्वज घडवतो. इल्युवतार जाब विचारतो तेव्हा आउले म्हणतो की घडवण्याची ओढ तूच माझ्यात ठेवलीस, आणि लहान मूल वडिलांच्या कामाची नक्कल करतं त्यात चेष्टा नसते. मग रडत हातोडा उगारतो, त्यांना फोडून टाकायला. बुटके भीतीनं अंग चोरतात. इल्युवतार त्याला थांबवतो. त्यांना भीती वाटली, कारण त्यानं त्यांना आधीच जीव दिलेला असतो. एका श्रद्धावान लेखकाची सगळी धास्ती आणि सगळी आशा मला या दीड-दोन पानांत दिसते.

१३. ऑर्क जन्मतःच दुष्ट आहेत. हे ख्रिस्ती शिकवणीत बसतं का?

नाही बसत, आणि टॉल्किनला ते शेवटपर्यंत टोचत राहिलं. ऑगस्टिनपासूनची शिकवण अशी की दुष्टपणाला स्वतःचं अस्तित्व नाही, तो चांगल्याचा अभाव किंवा बिघाड आहे. फ्रोडो सॅमला तेच सांगतो, की अंधाराला फक्त विटंबना करता येते, नवं काही घडवता येत नाही. मग ऑर्क कुणाच्या बिघाडातून आले? एल्फांच्या, असं एक उत्तर. पण मग त्यांना आत्मा असणार आणि सुटकेची शक्यताही असणार. उतारवयातल्या टिपणांत तो कधी माणसांपासून, कधी बोलणं शिकवलेल्या पशूंपासून त्यांची उत्पत्ती लावून पाहतो. १९९३ मध्ये छापलेल्या त्या टिपणांत एक महत्त्वाची नोंदही आहे. शरण आलेल्या ऑर्काला दया दाखवलीच पाहिजे, नुकसान सोसून का होईना.

कादंबरीत मात्र असा प्रसंग येत नाही. हेल्म्स डीपच्या लढाईनंतर शरण आलेल्या डनलँडच्या माणसांना जीवदान मिळतं, ऑर्कांपैकी कुणीही उरत नाही. दयेवर उभ्या असलेल्या पुस्तकात (प्रश्न ९) ही उणीव आहे आणि ती झाकू नये, असं माझं मत आहे.

१४. एल्फांचा पुनर्जन्म होतो म्हणे. कॅथलिक लेखकाला हे कसं चालतं?

हा आक्षेप १९५४ मध्येच एका कॅथलिक वाचकानं घेतला होता. तो ऑक्सफर्डमधल्या एका कॅथलिक पुस्तकांच्या दुकानाचा व्यवस्थापक होता. टॉल्किननं त्याला लांबलचक उत्तर लिहायला घेतलं. माणसांबद्दल असं म्हटलं तर ते चुकीचं धर्मशास्त्र होईल, पण कल्पित जीवांना कल्पित जीवनरीत देता येते, देवानं वापरलेल्या ज्ञात वाटांपुरतंच उपनिर्मात्यानं थांबावं असं नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. ते पत्र त्यानं धाडलं नाही. आपण स्वतःला फार महत्त्व देतो आहोत, असं त्याला वाटलं. पुढे त्यानं एल्फ पुन्हा बाळ म्हणून जन्मतात ही कल्पना सोडली आणि त्यांना पूर्वीचाच देह परत मिळतो असं ठरवलं.

१५. मृत्यू ही माणसांना मिळालेली देणगी आहे, असं तो लिहितो. बायबलमध्ये तर ती पापाची शिक्षा आहे!

याबद्दल त्याचं म्हणणं असं की एल्फांच्या नजरेतून लिहिलेली ही पुराणं आहेत, आणि देवानं दिलेली शिक्षा स्वीकारली तर तीही देणगीच ठरते. न्यूमेनोरचे राजे मृत्यू नाकारतात आणि त्यापायी सगळं बेट बुडतं. अॅरागॉर्न २१० व्या वर्षी आपणहून आयुष्य परत करतो. डेनेथॉर मात्र चिता रचतो, तेव्हा गँडाल्फ त्याला बजावतो की मरणाची घटका ठरवण्याचा अधिकार तुला नाही. स्वीकार आणि हिसकावणं यांतला फरक त्या दोन मृत्यूंमध्ये आहे.

माणसं मुळातच मर्त्य होती की नाही यावर त्यानं फिनरॉड हा एल्फ राजा आणि अँड्रेथ ही माणसांतली ज्ञानी स्त्री यांचा एक विलक्षण संवाद लिहिला. निर्माता स्वतःच कधीतरी आपल्या निर्मितीत उतरेल, अशी एक जुनी आशा अँड्रेथ त्यात सांगते, स्वतःचा विश्वास नसताना. देहधारणाच्या (देव माणूस होऊन आला या ख्रिस्ती श्रद्धेच्या) इतक्या जवळ आलो तर ख्रिस्ती धर्माचं विडंबन होईल, ही भीती टॉल्किननं टिपणांत नोंदवून ठेवली आहे.

१६. नार्नियावाला लुईसही कॅथलिक होता ना?

नाही, टॉल्किनचा हा मित्र, सी. एस. लुईस, अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडचा) होता. १९ सप्टेंबर १९३१ च्या रात्री ऑक्सफर्डच्या अॅडिसन्स वॉकवर टॉल्किन आणि ह्यूगो डायसन यांच्याशी मिथकांबद्दल झालेलं बोलणं लुईसच्या ख्रिस्ती होण्यात निर्णायक ठरलं. तो कॅथलिक झाला नाही याची टॉल्किनला खंत होती. नार्नियात अस्लान हा सिंह म्हणजे ख्रिस्त हे वाचकाला कळावं अशीच रचना आहे, म्हणून ती टॉल्किनच्या रीतीपासून फार दूर जाते.

१७. मी नास्तिक आहे. माझं वाचन अपुरं ठरतं का?

अजिबात नाही. त्यानं उघड धर्म गाळला तो तुमच्यासाठीही. दया, मोह, थकवा, निरोप या गोष्टी कळायला श्रद्धा लागत नाही. टॉल्किनची श्रद्धा माहीत असली तर एवढंच होतं की कथेतले काही निर्णय, विशेषतः फ्रोडोचा शेवट, लहरी वाटत नाहीत.

१८. कॅथलिक श्रद्धेनं लिहिणारे आणखी फँटसी लेखक आहेत का?

जीन वुल्फ (१९३१–२०१९) हे नाव आधी घ्यावं लागेल. तो लग्नाच्या निमित्तानं कॅथलिक झाला. ‘द बुक ऑफ द न्यू सन’ या त्याच्या चार खंडी कृतीचा निवेदक पेशानं छळ करणारा आहे, आणि त्याच्याच हातून जगाला नवा सूर्य मिळायचा आहे. टॉल्किनपेक्षा ते वाचायला खूप अवघड आहे. टिम पॉवर्सही कॅथलिक.

१९. मूळ लेखनातून हे सगळं तपासायचं असेल तर कुठून सुरुवात करू?

‘लीफ बाय निगल’ या छोट्या कथेपासून. ती जानेवारी १९४५ मध्ये ‘डब्लिन रिव्ह्यू’ या कॅथलिक नियतकालिकात आली आणि टॉल्किननं शुद्धिस्थानाच्या (कॅथलिक शिकवणीप्रमाणे मरणानंतर आत्मा शुद्ध होतो त्या अवस्थेच्या) इतक्या जवळ जाणारं दुसरं काही लिहिलं नाही. निगल नावाचा चित्रकार एक झाड रंगवतो आहे, शेजारी सतत मदत मागतो, आणि टाळता न येणारा प्रवास येऊन ठेपतो. एका बैठकीत ती वाचून होते. त्यानंतर हम्फ्री कार्पेंटरनं संपादित केलेला पत्रसंग्रह घ्या. तो १९८१ मध्ये निघाला आणि २०२३ ला त्याची वाढवलेली आवृत्ती आली. वर उल्लेखलेली मरेला लिहिलेली, फ्रोडोबद्दलची आणि न धाडलेली, सगळी पत्रं त्यात आहेत. अँड्रेथचा संवाद आणि ऑर्कांवरची टिपणं ‘मॉर्गॉथ्स रिंग’मध्ये सापडतील, पण त्याआधी ‘द सिल्मरिलियन’ वाचलेलं असावं.